छपाईपूर्व फाइल-सिद्धता

छापायचे चित्र, मजकूर आणि रंग यांची संगणकावरील मांडणी यंत्र, शाई आणि कागद यांना मानवेल अशा रूपात आणण्याचे काम. ऑफसेटच्या प्लेटा थेट संगणकावरून निघू लागल्यापासून मधली फिल्म गेली आणि तिच्यावर हाताने दुरुस्ती करण्याची सोयही गेली. फाइलमधली चूक आता सरळ प्लेटवर उतरते.

चित्र कोणत्या पद्धतीने छापले जाणार, यावर ते कसे काढायचे हे ठरते. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस हे याचे ठळक उदाहरण. पूर्वी लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जाणारी भारतीय टपाल तिकिटे १९२५-२६ पासून येथे छापली जाऊ लागली. फोटोग्राव्ह्यूर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून छापण्याची पद्धत मात्र येथे उशिरा आली. १९४८ ची गांधीजींची तिकिटे त्यामुळे स्वित्झर्लंडच्या कुरव्हाझिये छापखान्यात छापावी लागली. १ ऑक्टोबर १९५२ च्या संत-कवी मालिकेपासून नाशिकमध्ये या पद्धतीने तिकिटे निघू लागली. पारंपरिक ग्राव्ह्यूरमध्ये चित्राप्रमाणे अक्षरांवरही ठिपक्यांची जाळी पडते आणि बारीक रेघांच्या कडा दातेरी होतात. त्यामुळे मूल्याचा आकडा आणि नाव ठसठशीत काढावे लागते, तेही तिकिटाच्या आकारापर्यंत लहान केल्यावर वाचता येईल असे.

नेहमीच्या ऑफसेट कामात रंग सीएमवायके या चार शाईंमध्ये (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी), छायाचित्रे छापील आकारात ३०० डीपीआय आणि प्रत्येक कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यासाठीचा जादा भाग, ठेवतात. ९० × ५५ मिमीचे कार्ड त्यामुळे फाइलमध्ये ९६ × ६१ मिमीचे होते. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. चार शाईंत विभागला, तर रजिस्टर, म्हणजे शाईंची एकमेकींवरची अचूक जुळणी, किंचित हलताच अक्षरांना रंगीत सावली येते. एकूण शाईचे प्रमाणही कागद ठरवतो: आर्ट पेपरला सुमारे ३०० टक्के चालते, वृत्तपत्राच्या कागदाला साधारण २४०.

मराठी कामात खरी जोखीम फॉन्टची. श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. छापखान्यात तो फॉन्ट नसेल, तर पत्रिकेवर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. युनिकोड मजकूर जुन्या मांडणी-प्रणालीत उघडला, तर जोडाक्षरे सुटतात, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर जाते, रफार भलत्या जागी बसतो. काही फॉन्टमध्ये भाषा हिंदी निवडलेली राहिली, तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. ही चूक शुद्धलेखन तपासणाऱ्याच्याही नजरेतून निसटते, आणि मराठी पानावर ती खुपते. फॉन्टची जोखीम टाळण्यासाठी छापखाने मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषांची चित्रे करून, मागतात. त्यानंतर शब्द दुरुस्त करता येत नाही, म्हणून मुद्रितशोधन आधी संपवून कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी जपावी. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करणे हा दुसरा मार्ग. पीडीएफ/एक्स-१ए या मानकात ते अनिवार्यच आहे.

प्लेट काढण्यापूर्वी ग्राहकाने छापील प्रूफवर सही करावी. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा.