साउइनची रात्र आणि तहानलेलं प्रेत

ऑक्टोबर संपत आला की इथे आयर्लंडमध्ये मुलांच्या शाळेतून हॅलोविनच्या वेशभूषेची चिठ्ठी येते, आणि पाठोपाठ आपल्या ग्रुपवर एक वाक्य फिरू लागतं, "हा यांचा पितृपक्ष." मुलंही तेच विचारतात. आज त्या वाक्याकडे जरा नीट बघू या.

आधी नाव. हॅलोविनच्या मुळाशी जो सण आहे त्याचा उच्चार साउइन. स्पेलिंग बघून वाचायला गेलात तर फसाल. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचंही नाव हेच. सण सुरू होतो ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्ताला, कारण जुन्या केल्टिक हिशेबात आधी रात्र आणि मग दिवस.

मुळात हा गुराढोरांच्या वेळापत्रकाचा सण. मे महिन्यात गुरं वरच्या कुरणात जायची, साउइनला खाली यायची. हिवाळाभर पोसता येतील तेवढी ठेवायची, बाकीची कापायची. पुढच्या काळात जमिनीचा खंड आणि गडीमाणसांचे करारही याच सुमारास व्हायचे. आमच्या धंद्यातलं इयर एंडच म्हणा ना.

मग यात मेलेली माणसं कुठून आली?

ख्रिस्तपूर्व काळातल्या आयरिश माणसाने स्वतः लिहिलेली एकही कथा आपल्या हाती नाही. ज्या आहेत त्या नंतर ख्रिस्ती मठांतून लिहिल्या गेल्या. त्यातली नेराची गोष्ट मला सगळ्यात आवडते. रॉसकॉमन परगण्यातल्या रॅथक्रोहन इथे राणी मेव्ह आणि राजा आलिल यांचा वाडा. साउइनची रात्र. आदल्या दिवशी दोन कैद्यांना फासावर दिलेलं. राजा म्हणतो, बाहेर जाऊन त्यातल्या एकाच्या पायात जो वेताचं कडं अडकवून येईल त्याला बक्षीस. एकेक जण जातो आणि घाबरून परत येतो. नेरा मात्र कडं अडकवतो. तर ते प्रेतच बोलतं, "मला तहान लागली होती तेव्हा फासावर दिलं. पाणी पाज."

नेरा त्याला पाठुंगळी घेतो. पहिल्या घराभोवती आगीचं कडं, कारण तिथे रात्री चूल नीट झाकून ठेवतात. दुसऱ्या घराभोवती पाण्याचं कडं, कारण तिथे धुण्याआंघोळीचं पाणी रात्री साठवून ठेवत नाहीत. तिसऱ्या घरात मात्र सांडपाण्याची भांडी तशीच पडलेली. प्रेत आत शिरतं, पाणी पितं, शेवटचा घोट घरातल्या माणसांच्या तोंडावर थुंकतं, आणि ती सगळी मरतात. रात्री खरकटं ठेवू नये म्हणून आजीचा ओरडा खाल्लेल्यांना हे घर लगेच कळेल.

पुढे नेरा एका गुहेतून परलोकात जातो, तिथे संसार मांडतो, आणि पुराव्यादाखल उन्हाळ्यातली फुलं घेऊन परततो. तर वाड्यातली माणसं अजून त्याच हंड्याभोवती बसलेली!

या गोष्टीत कोणी पूर्वजांना जेवायला बोलवत नाही. परलोकाचं दार उघडतं आणि जे बाहेर येतं त्याची धास्ती वाटते. रोनाल्ड हटन या इंग्लिश इतिहासकारानेही १९९६ च्या आपल्या पुस्तकात दाखवलंय की, मूळ साउइन हा मृतांचा सण होता याला जुना पुरावा फारच तोकडा आहे.

मृतांचा मान आला चर्चकडून. सर्व संतांचा दिवस नवव्या शतकात १ नोव्हेंबरला पक्का झाला. गंमत म्हणजे इसवी सन ८०० च्या आसपास आयरिश चर्च तो २० एप्रिलला पाळत होतं, म्हणजे ही तारीख साउइनवरूनच उचलली असं सरळ म्हणता येत नाही. मग इसवी सन १००० च्या सुमारास फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या ओडिलोने २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला.

आयरिश शेतकऱ्याने हे सगळं एकाच आठवड्यात बसवलं. विसाव्या शतकापर्यंत खेड्यांत मृतात्म्यांच्या रात्री घर झाडून घ्यायचे, चूल पेटती ठेवायचे, दाराची कडी काढून ठेवायचे, आणि टेबलावर वाडगाभर पाणी ठेवायचे. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. नेराच्या पाठीवरचं ते तहानलेलं प्रेत आता घरचा पाहुणा झालं होतं.

म्हणून माझं म्हणणं, तुलना करायचीच तर साउइनशी नको, २ नोव्हेंबरशी करा. तिळाचं पाणी सोडून आपण तर्पण करतो ते या वाडग्याच्या फार जवळचं आहे. फरकही आहेच. आपण नाव आणि गोत्र घेऊन, तीन पिढ्या मोजून पाणी देतो. आपल्या दिवाळीतही पितरांना वाट दिसावी म्हणून अमावास्येला उल्का, म्हणजे पेटत्या चुडी, दाखवायची शास्त्रात सांगितलेली जुनी रीत आहे. ती आता बहुतेक घरांतून गेली, आणि याची मला खंत वाटते.

नेराची गुहा मात्र खरी आहे. ओवेनागॅट, म्हणजे मांजरांची गुहा. तोंडाशी आडव्या दगडावर ओघम लिपीत "मेव्हचा मुलगा फ्रेख" अशा अर्थाची अक्षरं कोरलेली आहेत. मुलांना न्यायचं असेल तर जवळच्या टल्स्क गावातल्या केंद्रात आधी चौकशी करा, आणि जुने कपडे घाला. आत वाकून, घसरत जावं लागतं, आणि चिखल भरपूर.