घाटाखालची, घाटावरची



आपल्या जिल्ह्यात माणसाची ओळख विचारताना तालुक्याच्या आधी ‘घाटाखालचे की घाटावरचे?’ असे विचारतात. ही विभागणी जुनी आहे. वऱ्हाडाचे पयानघाट आणि बालाघाट असे दोन भाग पूर्वापार मानले जात. १८६०च्या दशकात मुंबई-नागपूर रेल्वे आली ती पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून, मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी. १८७० साली कापसासाठी खामगावलाही जलंबहून फाटा मिळाला. जिल्ह्याचे ठाणे असलेले बुलडाणा मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, मलकापूरपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच. तिथे रेल्वे आजही नाही. त्यामुळे मलकापूरला गाडी गाठायची तर राजूर घाट आणि खामगावला जायचे तर बोथा घाट, यांना पर्याय नव्हता.

आपल्या वेळी घाटाखालची मुले एसटीने शाळेत येत. एसटी चुकली की मुलगे सायकल काढत, चढावर ट्रकच्या मागच्या साखळीला धरून वर येत आणि वर्गात त्याच्या फुशारक्या मारत. मुली घरी परतत. माझ्या बाकावरची मैत्रीण एकदा सायकल घेऊन निघाली, निम्मा घाट ढकलत आली आणि तिसऱ्या तासाला पोचली. आपण सगळे हसलो. मीही हसले. पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती.

त्या हसण्याचा हिशेब मी फार उशिरा मांडला. आपल्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असत. पायडलच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जाई. सपाटीला हे उत्तम, पण चढावर तेवढे अंतर एका फेरीत उचलणे मोठ्या माणसालाही जड. आजच्या गिअरच्या सायकलीत दोन्हीकडे ३४ दाते लावले की एका फेरीत दोन मीटरच जायचे असते. वेळ लागतो, पण पाय चालतात.

फ्रान्सच्या प्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत १९१० साली पहिल्यांदा तुर्मालेचा २११५ मीटर उंचीचा घाट घेतला. माथ्यावर पहिला आला ओक्ताव लापीझ, आणि तोही मधले काही अंतर सायकल ढकलत! पुढे ती शर्यतही त्यानेच जिंकली. चालू सायकलवर गिअर बदलायची परवानगी तिथल्या स्पर्धकांना १९३७ साली मिळाली. म्हणजे जगातल्या नामांकित सायकलपटूंनीही घाटात सायकल ढकललेली आहे.

गेल्या दिवाळीत मी गिअरच्या सायकलवर राजूर घाट चढले. दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले त्या वळणावर ती आठवली. दप्तर कॅरिअरला बांधून, परकर-पोलका सावरत, गिअर नसलेली सायकल ती इथूनच ढकलत गेली असणार.

आपल्या वर्गाच्या फोटोत ती नाही. तिचा पत्ता कुणाकडे असेल तर मेळाव्याआधी मला कळवा. न्यायला मी स्वतः घाट उतरून जाईन.