अंगठाछापांचा मार्का

ट्रेडमार्कला मराठीत काय म्हणायचं? सरकारी उत्तर तयार आहे: व्यापारचिन्ह. अर्थाने नेमका शब्द आहे. फक्त आमच्या जळकोटच्या बाजारात तो कुणी वापरत नाही. तिथं बियाण्याची पिशवी असो की बिडीचं बंडल, प्रश्न एकच, ‘कोणता मार्का हाय?’ वयस्कर माणसं ‘कोणती छाप?’ असं विचारतात. माकडछाप दंतमंजन आठवून बघा, म्हणजे कळेल.

या शब्दाची भावंडं शोधायला गेलो तर ती दुकानात कमी आणि दरबारात जास्त सापडली. ‘शिक्का’ अरबीतून आला; सिक्का म्हणजे नाणं पाडायचा ठसा. ‘मोहर’ फारसी, ‘मुद्रा’ संस्कृत. जुन्या मराठी पत्रांत वर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. खाली कुणी मागाहून दोन ओळी घुसडल्या तर लगेच उघडं पडणार. आपण ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो ते तिथून. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ही डिजिटल सहीची आजीच वाटते.

‘डाग’ तर घोड्याच्या अंगावरचा. अलाउद्दीन खिलजीने लष्करातल्या घोड्यांना डागायची पद्धत घातली, पुढे अकबराने ती नेटाने राबवली. कारण सरदार हजेरीला चांगला घोडा आणायचे आणि नंतर त्याच्या जागी तट्टू उभं करायचे. इंग्रजी ‘ब्रँड’च्या मुळाशीही जळतं लाकूड आणि डागणंच आहे. एकाच अर्थाचे दोन शब्द, पण एक आपण शर्टावर मिरवतो आणि दुसरा शर्टावरून धुऊन काढतो.

आमच्या भागात छापेला वेगळंच महत्त्व होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जळकोट निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाचा रुपया ‘हाली’, म्हणजे चालू असलेला. इंग्रजांचा रुपया ‘कलदार’, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. पुढे हालीसुद्धा यंत्रावर पडू लागला, त्यावर चारमिनार आला, तरी कलदार हे नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिलं. हिशेब साधारण ६ कलदाराला ७ हाली. चांदीत फरक होताच, पण प्रत्येक व्यवहारात ती पारखत कोण बसणार? छाप बघायची आणि मोजून द्यायचे. कर्ज हालीत घेतलं की कलदारात, एवढ्या एका शब्दावर शेतकऱ्याला शंभराला सोळा-सतरा रुपयांचा फटका बसू शकत होता.

त्याच संस्थानात १९२० साली हैदराबादचे हकीम मोहम्मद मोइजुद्दीन फारुकी यांनी एक औषध काढलं, ‘जिंदा तिलिस्मात’. सर्दी, पोटदुखी, अंगदुखी, सगळ्यावर तेच. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत ही बाटली अजून दिसते. तिच्यावर भालाधारी आफ्रिकी शिपाई आहे. निजामाच्या सैन्यात आफ्रिकी वंशाच्या शिपायांचं घोडदळ होतं आणि त्यांच्या ताकदीची ख्याती होती. हकिमांनी ती ख्याती लेबलावर घेतली. दरबाराची भाषा उर्दू, घरची मराठी आणि वाचता येणारे मोजके. अशा मुलखात नाव वाचायची गरजच नको, चित्र पुरे. (ज्या शिपायांच्या चेहऱ्यावर हा माल शंभर वर्षं विकला गेला, त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नसतं. हे मला खटकतं.)

न वाचता येणाऱ्याला आपण ‘अंगठाछाप’ म्हणून हिणवतो. पण माकड, घोडा, शिपाई या छापा त्याच्याचसाठी तर निघाल्या. त्याने फसू नये म्हणून बाजाराने केलेली ती लिपीच होती. कायदा फार मागून आला. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १८७६ ला बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण पहिल्या क्रमांकाने नोंदला गेला. इकडे १८८९ चा कायदा खोट्या छापेला शिक्षा करायचा, पण छाप नोंदवायची सोय झाली १९४० च्या कायद्याने, तीही ब्रिटिश हिंदुस्थानापुरती. सध्याचा कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये. त्यानुसार नोंदणी नसताना मालावर गोलातला ‘आर’ छापणं बेकायदा आहे. ‘टीएम’ मात्र कुणीही लावू शकतो. पुढच्या वेळी पाकीट नीट बघा.

कंपन्यांना मात्र भीती वेगळीच असते: नाव फार लोकप्रिय होण्याची. डालडा हे १९३७ पासूनचं एका मालाचं नाव. आमच्याकडे मात्र कुठलंही वनस्पती तूप डालडाच. कॉपी काढणं म्हणजे झेरॉक्स आणि माती उकरणारं पिवळं यंत्र जेसीबी, मग बनवलेलं कुणीही असो. लोकांनी नाव वापरून वापरून आपलंसं केलं की मालकाची त्यावरची पकड सुटत जाते. आमच्याच जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात हे नेमकं उलट आहे. ते नाव एका मालकाचं नाही, त्या मातीत पिकवणाऱ्या सगळ्यांचं आहे.

आणि काही नावांना असा कागदच लागत नाही. देवणी हे गाव लातूर जिल्ह्यातलं, गोवंशाला नाव त्याचंच. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात जाणकार माणूस लांबूनच ओळखतो: पूर्ण पांढरा तो बालांक्या, अंग पांढरं पण तोंडावर काळं तो वानेरा, अंगावर काळे ठिगळ असलेला शेवेरा. छाप कातडीवरच आहे. मग तो दात बघतो, चालवून बघतो, आणि भावासाठी रुमालाखाली हात घालतो.