फ्रेम दर (व्हिडिओ गेम)

व्हिडिओ गेममध्ये दर सेकंदाला पडद्यावर जितकी चित्रे (फ्रेम) नव्याने काढली जातात, त्या संख्येला फ्रेम दर असे म्हणतात. हा दर घसरला की हालचाल अडखळत दिसते आणि खेळाडूच्या आज्ञेला उशिरा प्रतिसाद मिळतो.

फ्रेमचा वेळ

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असल्यास एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० साठी सुमारे ३३.३. तेवढ्यात आज्ञा वाचणे, वस्तू हलवणे, टकरी तपासणे आणि चित्र काढणे ही कामे पूर्ण व्हावी लागतात. दर ६० वरून ५० वर आल्यास प्रत्येक फ्रेमला ३.३ मिलिसेकंद जास्त लागतात. ३० वरून २५ वर आल्यास ६.७. दोन्ही घसरणी प्रमाणात सारख्या असल्या तरी वाढलेला वेळ दुप्पट आहे. म्हणून सुधारणा मिलिसेकंदांत मोजतात.

कारणाचा शोध

कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे प्रोफाइलर या साधनाने कळते. पडद्याचे रिझोल्यूशन कमी केल्यावर दर वाढला, तर अडचण बहुधा ग्राफिक्स प्रोसेसरकडे असते. दर तसाच राहिला, तर बहुधा मुख्य प्रोसेसरकडे. हे न तपासता केलेला बदल अनेकदा वाया जातो.

उपाय

* प्रत्येक वस्तूची इतर सर्व वस्तूंशी टक्कर तपासल्यास १०० वस्तूंसाठी ४,९५० आणि १,००० वस्तूंसाठी ४,९९,५०० जोड्या होतात. मैदानाचे चौकोन पाडून फक्त शेजारच्या वस्तू तपासल्यास हे काम बरेच घटते.
* गोळ्यांसारख्या वस्तू सतत नव्याने निर्माण केल्यास काही भाषांमध्ये स्मृती साफ करताना खेळ क्षणभर थबकतो. अशा वेळी जुन्याच वस्तू पुन्हा वापरतात.
* एकाच प्रतिमेचा वापर करणाऱ्या वस्तू एकत्रितपणे काढल्यास प्रोसेसरवरील भार हलका होतो.

खेळाचा वेग

हालचाल फ्रेमच्या संख्येला बांधलेली असल्यास फ्रेम दर घसरताच खेळही मंदावतो. हे टाळण्यासाठी अंतर मागील फ्रेमपासून उलटलेल्या वेळेनुसार काढतात किंवा गणना ठरावीक कालांतराने करतात. तोमोहिरो निशिकाडो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या खेळात शत्रू कमी होत गेले की उरलेले अधिक वेगाने सरकत. यंत्राच्या मर्यादेतून आलेला हा परिणाम निशिकाडो यांनी तसाच ठेवला आणि तो खेळाच्या वाढत्या काठिण्याचा भाग ठरला.

हेही पहा

* व्हिडिओ गेम
* ग्राफिक्स प्रोसेसर
* अल्गोरिदम