बिऱ्हाड कुठं मांडायचं?

परदेशी निघालेलं जोडपं आज आधी शाळा बघतं, मग उपनगर ठरवतं. आमच्या शिवथर खोऱ्यातून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या चाकरमान्याला कसली निवड? तो गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचा, खानावळीत जेवायचा. बायकापोरं गावी, मनीऑर्डरवर.

१९२०च्या दशकात सरकारनं बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या केल्या: वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला कित्येक रिकाम्याच राहिल्या. वरळीत तर १९३०च्या सत्याग्रहातले कैदी कोंडले! पुढं तिथंच बिऱ्हाडं आली. गिरणी, शाळा दोन्ही चालत, आणि पोरावर अख्ख्या मजल्याचा डोळा.

१९८२च्या संपानंतर कित्येकजण दिवा-नालासोपाऱ्याला फेकले गेले. आता बाप घरी पोचतो तेव्हा पोर झोपलेलं असतं.