किंमत उतरते, की उतरवली जाते?

येल विद्यापीठातील अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक १९९०च्या दशकात एकदा रोमन काळातील मातीचा दिवा घेऊन बसले. त्यात त्यांनी तिळाचे तेल घातले, वात पेटवली आणि प्रकाशमापकाने ज्योतीचा उजेड मोजला. तिळाचेच तेल घेण्याचे कारण असे, की प्राचीन बॅबिलोनमधील दिवे त्यावर जळत. तिळाच्या तेलाचा दिवा आपल्या देवघरांनाही परका नाही. पण त्याचा उजेड मजुरीच्या तासांत मोजावा, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले नसते. त्या प्राध्यापकांचा, विल्यम नॉर्डहाउस यांचा, हिशेब असा निघाला: ७५ वॉटच्या बल्बचा सुमारे तासाभराचा प्रकाश मिळवण्यासाठी बॅबिलोनच्या मजुराला चाळीसएक तास राबावे लागे, १९९२ सालच्या अमेरिकन कामगाराला त्यासाठी अर्ध्या सेकंदाहूनही कमी श्रम पुरत. सरकारी किंमत-निर्देशांकांत ही प्रचंड घसरण नीट उमटलेलीच नव्हती, हे त्या निबंधाचे प्रतिपादन.

दिव्याची ही गोष्ट आरंभीच सांगण्याचे कारण आहे. उजेड किती स्वस्त होऊ शकतो, हे ज्याने स्वतःच्या हाताने मोजून दाखवले, त्याच माणसाने जगाला हवामानबदलाचे सर्वांत प्रभावी आर्थिक प्रतिमान दिले. आणि कार्बनमुक्त ऊर्जा कशी स्वस्त होते या प्रश्नावर ते प्रतिमान जवळजवळ मौन पाळते. हा विरोधाभास समजून घ्यायचा, तर त्यांच्या कारकिर्दीच्या मुळाशी जावे लागते.

नॉर्डहाउस यांचा जन्म १९४१चा, न्यू मेक्सिकोतील. १९६७ साली एमआयटीत रॉबर्ट सोलो यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. सोलो यांनी १९५७ साली दाखवले होते, की १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेतील दर श्रम-तासामागचे उत्पादन जेवढे वाढले, त्यातील सुमारे सात-अष्टमांश वाढीचे श्रेय भांडवलाला देता येत नाही. ते तंत्रबदलाला द्यावे लागते. पण हा तंत्रबदल येतो कोठून? सोलोंच्या मांडणीत तो बाहेरून येई, पावसासारखा. शिष्याने नेमका तोच प्रश्न हाती घेतला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या ग्रंथाचा विषयच शोध, वाढ आणि कल्याण हा होता. पेटंट किती वर्षांचे असावे, याचा त्यातील विचार आजही अभ्यासला जातो: मुदत वाढवली तर शोधाला प्रोत्साहन मिळते, पण मक्तेदारीही लांबते. म्हणजे शोध आपोआप लागत नाहीत, कोणीतरी काहीतरी मिळण्याच्या आशेने ते लावतो, हे या अभ्यासकाला पंचविशीतच ठाऊक होते.

१९७३ साली, तेलसंकटाच्या तोंडावर, त्यांनी ऊर्जासाधनांच्या वाटपावर एक निबंध लिहिला. त्यात ‘बॅकस्टॉप’ नावाची कल्पना आहे: महाग, पण कधीही न संपणारे असे तंत्रज्ञान, जे अखेरीस खनिज इंधनांची जागा घेईल. तेव्हा त्यांच्या नजरेसमोर प्रामुख्याने अणुऊर्जा होती. १९७४-७५ मध्ये ते व्हिएन्नाजवळच्या लॅक्सेनबर्ग येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत होते. शीतयुद्धातल्या दोन्ही गटांचे शास्त्रज्ञ तिथे एकत्र काम करत. तिथल्या वास्तव्यात त्यांनी कार्बन डायऑक्साइड नियंत्रणावर एक टिपण लिहिले. तापमान दोन-तीन अंशांनी वाढले, तर हवामान गेल्या काही लाख वर्षांच्या ज्ञात मर्यादेबाहेर जाईल, असा इशारा त्यात होता. पुढे जगभर गाजलेल्या ‘दोन अंशां’च्या मर्यादेचा उगम अभ्यासक बहुधा तिथेच शोधतात.

१९९२ साली त्यांचे डाइस हे प्रतिमान आले. जागतिक अर्थव्यवस्था आणि पृथ्वीचे हवामान यांना मोजक्या समीकरणांत एकत्र बांधण्याचे धाडस त्यात होते. ते इतके आटोपशीर, की विद्यार्थ्यालाही आपल्या संगणकावर चालवता यावे. त्याचा प्रभाव या सुटसुटीतपणातूनही आला असावा. अमेरिकन सरकारने २०१० साली एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणारे नुकसान २१ डॉलर धरले, तेव्हा ज्या तीन प्रतिमानांचा आधार घेतला, त्यांत डाइस होते.

१९७३चा बॅकस्टॉप पुढे याही प्रतिमानात आला. २०१६च्या आवृत्तीत त्याची किंमत टनामागे ५५० डॉलर धरलेली आहे, आणि ती दर पाच वर्षांनी अडीच टक्क्यांनी उतरते. कोणी काही करो वा न करो, ती उतरते. भाषेच्या विद्यार्थ्यांना इथे एक साधा प्रश्न विचारावासा वाटेल: या वाक्यात कर्ता कोण? ‘किंमत उतरते’ आणि ‘किंमत उतरवली जाते’ यांत फरक आहे. पहिल्या वाक्यात काळ काम करतो. दुसऱ्यात कोणीतरी माणूस. आणि धोरण नेमके या फरकावर फिरते. किंमत काळाबरोबर उतरणार असेल, तर थांबणे शहाणपणाचे; आज महाग घेण्यापेक्षा उद्या स्वस्त घ्यावे. पण वस्तू जसजशी अधिक बनवावी तसतशी ती स्वस्त होत असेल, तर थांबणाऱ्याला ती कधीच स्वस्त मिळणार नाही.

ही दुसरी शक्यता नवी नव्हे. विमाननिर्मितीतील अभियंता टी. पी. राइट यांनी १९३६ सालीच नोंदवले होते, की एकूण उत्पादन दुप्पट झाले की विमानाला लागणारे श्रम साधारण वीस टक्क्यांनी घटतात. केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये या ‘करता करता शिकण्या’ला सिद्धान्ताचे रूप दिले. नॉर्डहाउस यांना हे अर्थातच माहीत होते. २००२ साली त्यांनी शोधप्रक्रिया प्रतिमानाच्या आत घेऊन पाहिलीही. पण तिचा परिणाम बेताचाच निघाला. २००९ च्या निबंधात तर त्यांनी शिकण्याच्या प्रतिमानांवर थेट आक्षेप घेतला. आक्षेप तोलामोलाचा आहे. उत्पादनही वर्षागणिक वाढते आणि किंमतही वर्षागणिक घटते. मग घट अनुभवामुळे झाली की नुसत्या काळाच्या ओघात, हे आकड्यांवरून वेगळे कसे करणार? सगळे श्रेय अनुभवाला दिले, तर शिकण्याचा वेग फुगवून सांगितला जातो. डोएन फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६२ तंत्रज्ञानांची आकडेवारी तपासली, तेव्हा काळाचा नियम आणि अनुभवाचा नियम जवळजवळ सारखेच खरे उतरले. म्हणजे नॉर्डहाउस यांचा संशय निराधार नव्हता.

दरम्यान सौर पटल स्वस्त होत गेले. आपल्या राष्ट्रीय सौर मोहिमेच्या २०१० मधील पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटमागे अकरा रुपयांच्या आसपास होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली. ही घसरण आकाशातून पडली नाही. २००० सालच्या कायद्याने जर्मनीने सौरविजेला वीस वर्षांच्या चढ्या दराची हमी दिली, तो भार तिथल्या ग्राहकांनी वीजबिलातून वाहिला, आणि त्या मागणीच्या बळावर चीनमध्ये कारखाने उभे राहिले. बॅकस्टॉपची किंमत म्हणजे शेवटचा टन रोखण्याचा खर्च, सौरविजेचा दर नव्हे, हे न्यायाने सांगायला हवे. तरीही हे दोन उतार शेजारी ठेवून पाहिले, की अस्वस्थ व्हायला होते.

८ ऑक्टोबर २०१८ रोजी नॉर्डहाउस यांना अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक जाहीर झाले. त्याच दिवशी आयपीसीसीने दीड अंशाच्या मर्यादेवरील विशेष अहवाल प्रसिद्ध केला. नोबेल व्याख्यानात नॉर्डहाउस यांनी मांडलेला ‘इष्टतम’ मार्ग मात्र २१०० पर्यंत सुमारे साडेतीन अंशांवर जात होता. त्याला वटावदर आणि नुकसानीचे अंदाज मुख्यतः कारणीभूत होते. सगळा दोष बॅकस्टॉपवर टाकता येणार नाही. दुसरा योगायोग अधिक बोलका आहे. पारितोषिकाचे सहमानकरी होते पॉल रोमर. तंत्रबदल अर्थव्यवस्थेच्या आतूनच कसा घडतो, हे १९९० साली दाखवणारे. ज्या प्रदेशात नॉर्डहाउस तरुणपणी हिंडून आले होते, तिथे रोमर यांनी घर बांधले.

काळ आणि अनुभव यांची गाठ सोडवायला इतिहासच कामी आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विमाने, जहाजे, शस्त्रे अफाट संख्येने बनवली. आणि ती स्वस्त झाली म्हणून नव्हे, तर युद्धाला हवी होती म्हणून. मागणी किमतीवर अवलंबून नव्हती, शिवाय उत्पादन झपाट्याने वाढले आणि युद्ध संपताना तितक्याच झपाट्याने आटले. फार्मर यांच्यासह तीन अभ्यासकांनी त्या काळच्या नोंदी तपासून २०२२ साली निष्कर्ष काढला: किमतीतील घट साधारण निम्मी अनुभवाची, निम्मी काळाची.

२०२४ साली नॉर्डहाउस यांनी लिंट बराज यांच्यासह डाइसची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. हवामानाची समीकरणे, वटावदर, नुकसानीचे अंदाज असे बरेच काही त्यांनी बदलले, आणि इष्टतम मार्ग तीन अंशांच्या खाली आला. बॅकस्टॉपची किंमत मात्र याही आवृत्तीत वर्षागणिक ठरावीक टक्क्याने उतरत राहते.