न्यूयॉर्कमधील सार्वजनिक लाभ : अर्ज, पुरावे आणि नूतनीकरण

न्यूयॉर्क शहरात अन्नसाहाय्यासाठी एका खात्याकडे, घरभाडे गोठवून घेण्यासाठी दुसऱ्याकडे, तर आरोग्यविम्यासाठी बहुधा राज्याच्या यंत्रणेकडे अर्ज करावा लागतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला हे तेच कागद प्रत्येक दारी नव्याने मागितले जातात. अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांना या फेऱ्यांत साथ देणारे प्रशिक्षित साहाय्यक अन्नपेढ्यांत आणि वस्तीतील स्वयंसेवी संस्थांत विनामूल्य भेटतात.

अन्नसाहाय्याची ‘स्नॅप’, म्हणजे पूर्वीची ‘फूड स्टॅम्प’, योजना संघराज्याची आहे. जाणत्या साहाय्यकाचा पहिला सल्ला असतो : कागद जमवत बसू नका, अर्ज आजच दाखल करा. नाव, पत्ता आणि स्वाक्षरी एवढ्यावरही अर्जाची तारीख नोंदली जाते. मंजूर रक्कम त्या तारखेपासून मोजतात आणि निर्णयाची ३० दिवसांची मुदतही तेव्हाच सुरू होते. उरलेले पुरावे मागाहून देता येतात.

दुसरा प्रश्न चुलीचा. या योजनेत ‘कुटुंब’ म्हणजे अन्न एकत्र विकत घेणारी आणि एकत्र शिजवणारी माणसे. क्वीन्समधील एका घरात चार असंबंधित भाडेकरू राहत असतील आणि प्रत्येकाचा स्वयंपाक वेगळा असेल, तर ती चार कुटुंबे ठरतात. पती-पत्नी, तसेच आईवडिलांसोबत राहणारी २२ वर्षांखालील मुले मात्र एकत्रच धरली जातात. ही बारकाई ठाऊक नसेल, तर सहनिवाशाचे उत्पन्न उगाच अर्जात शिरते आणि पात्र माणूस अपात्र ठरतो.

मोठी गळती होते ती मंजुरीनंतर. कोविडकाळात मेडिकेडमधून नावे वगळणे थांबवले होते. २०२३ च्या वसंतात ते पुन्हा सुरू झाले आणि पुढील सुमारे दीड वर्षात देशभर अडीच कोटींहून अधिक लोकांचे संरक्षण गेले. पत्र जुन्या पत्त्यावर गेले, अर्ज वेळेत परतला नाही, अशा निव्वळ प्रक्रियेतील कारणांनी त्यांतील सुमारे ७० टक्के वगळले गेले. त्यामुळे एखाद्या संस्थेला देणगी देताना तिने किती अर्ज भरले याबरोबरच, वर्षाने त्यांतील किती टिकले, हेही विचारावे.

मराठी कुटुंबांत हा विषय अनेकदा आईवडिलांच्या निमित्ताने निघतो. १९९६ च्या कायद्यामुळे ग्रीनकार्डधारक प्रौढाला ‘स्नॅप’साठी सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते, शिवाय प्रायोजक मुलाचे उत्पन्नही हिशेबात धरले जाऊ शकते. एच-१बी व्हिसाधारक स्वतः अपात्र असतो. मात्र उत्पन्न मर्यादेत असल्यास अमेरिकेत जन्मलेल्या मुलासाठी तो अर्ज करू शकतो. ‘पब्लिक चार्ज’चे नियम सरकारागणिक बदलत आले आहेत. अशा वेळी ओळखीपाळखीच्या गटांतील सल्ल्यापेक्षा स्थलांतरविषयक वकिलाचे मत घ्यावे.

शहराच्या २०१७ च्या भाषाविषयक कायद्यानुसार ठरलेल्या दहा भाषांत बंगाली आणि उर्दू आहेत. मराठी नाही, हिंदीही नाही. तरी दूरध्वनीवर दुभाषा विनामूल्य मागता येतो. त्यासाठी लहान नातवंडाला मध्ये बसवू नये.

अर्ज नाकारला गेल्यास राज्याकडे ‘फेअर हिअरिंग’ मागता येते. ‘स्नॅप’साठी मुदत ९० दिवसांची आहे. चालू लाभ मध्येच बंद होणार असल्याची नोटीस आली, तर त्या तारखेपूर्वी सुनावणी मागितल्यास निर्णयापर्यंत तो सामान्यतः सुरू राहतो. निर्णय विरोधात गेला, तर ती रक्कम परत करावी लागू शकते.